क्लॅरीचा शेवटचा घाणा

आमच्या दरीत एखादा माणूस खाणीत दगावला, की त्याचं अर्धं राहिलेलं काम त्याच्या जोडीदारानं पुरं करायचं, अशी रीत होती. जोडीदार म्हणजे कोळशाच्या तोंडावर, जिथं कोळसा फोडतात तिथं, आपल्या खांद्याशी खांदा लावून जो कुदळ चालवतो तो. बटाटे अर्धे काढून झाले असतील तर उरलेले काढायचे, लाकडं फोडायची राहिली असतील तर फोडून रचून द्यायची. कुणी सांगायला येत नसे, कुणी आभारही मानत नसे. क्लॅरी गेला तेव्हा त्याचे बटाटे निघाले होते आणि लाकूडफाटा भिंतीला नीट लागलेला होता. राहिली होती ती फक्त बिअर.

ती धुण्याच्या खोलीत होती. आमच्याकडे सगळ्यांचीच तिथं असायची, कारण कपडे उकळायचा तांब्याचा हंडा तिथं, चूल तिथं आणि सांडपाण्याची मोरीही तिथंच. जवाचा दाट पाक आणि कडवटपणासाठी हॉपची वाळकी फुलं त्या हंड्यात उकळायची, गार झाल्यावर पिंपात ओतून यीस्ट सोडायचं, वर फडकं बांधायचं. मग आठवडाभर पिंप आपल्याशीच पुटपुटत बसतं. पुटपुट थांबली, वरचा फेस खाली बसला, की बाटल्या. प्रत्येक बाटलीत थोडी साखर, वर नळीनं बिअर, वर बूच. त्या चमचाभर साखरेवर उरलंसुरलं यीस्ट पुन्हा जागं होतं आणि बंद बाटलीत वायू धरतो. साखर नसेल तर बिअर मेलेल्या पाण्यासारखी लागते. जास्त झाली तर बाटलीला सोसत नाही.

क्लॅरी या कामात फार काटेकोर होता. पाकाच्या डब्यावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायचा, कारण मला त्या वेळी अक्षर लावता येत नव्हतं, आणि शेवटी म्हणायचा, "हे सगळं विसर टॅम, एवढंच लक्षात ठेव. नळी हातात आल्याशिवाय साखरेला हात लावायचा नाही." साखर घालून बाटल्या ठेवून दिल्या की ओल धरतात, मुंग्या येतात, आणि कुठल्या बाटलीत घातली नि कुठल्या नाही याचा घोळ होतो. साखर घालताना तो कुणाशी बोलतही नसे.

तसा एरवीही तो बोलका नव्हताच. राग आला की अगदीच मुका व्हायचा. एकदा माझ्यावर चिडला होता तेव्हा आठवडाभर आम्ही एकाच तोंडावर कोळसा फोडत होतो आणि त्याच्या तोंडातून शब्द नाही. मग एका दुपारी डब्यातलं अर्धं थंड मटण माझ्याकडे सरकवलं, तेव्हा मला कळलं की संपलं. घरी बायकोशीही त्याची हीच तऱ्हा.

तो सोमवारचा दिवस होता. सकाळी खाणीच्या तोंडाशी मुकादम जागा वाटून द्यायचा. जी जोडी आधी हजर तिला कोरडी, बऱ्या छताची जागा, उशिरा येणाऱ्यांना उरेल ती. त्या दिवशी सगळे आत गेले तरी क्लॅरीचा पत्ता नाही. मुकादम माझ्यावर तोंड टाकू लागला. "तुझा नवरदेव कुठं राहिला रे टॅम?" तेवढ्यात क्लॅरी चढावरून आला, शीळ घालत, पँटला हात पुसत.

"कुठं होतास?" मी म्हणालो.

"घरचं काम होतं."

"बायकोचं?"

"मग काय तुझं असणार, म्हाताऱ्या?" तो म्हणाला आणि हसला.

आमच्या वाट्याला जुन्या कामामागचा पाणथळ बोगदा आला. छत ठिबकत होतं. चहाच्या सुट्टीनंतर मी खांबासाठी लाकूड आणायला मागं गेलो, आणि परत येईपर्यंत छत खाली आलेलं होतं. त्याबद्दल याहून जास्त मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

*

दफन झाल्यावर चार-पाच दिवसांनी मी नोलीनकडे गेलो. नोलीन क्लॅरीची बायको. बाप खाणीतला, दोघे भाऊ खाणीतले, म्हणून मोठ्यानं रडणं तिला ठाऊक नव्हतं. ती मागच्या पायरीवर बसली होती. दाराशी क्लॅरीचे खाणीतले कपडे गाठोडं करून पडले होते, कोळशानं काळे, तसेच. इस्पितळातून आले तसेच.

"बिअरीसाठी आलास ना?" ती म्हणाली. "तुझीच वाट बघत होते."

"आज भरून टाकू. महिना झाला की चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा होईल, तोवर तयार होईल. मिस्सा झाल्यावर खाणीतली पोरं इथं येतील, तेव्हा त्यांच्या हातात क्लॅरीचीच बाटली पडू दे."

"भरू. पण साखर मी घालणार."

"तुला माहीत आहे का किती ते?"

"चहात घालते तशी घालीन. शिकव नाहीतर."

धुतलेल्या बाटल्या क्लॅरीनं खोक्यांत उभ्या करून, वर फडकी टाकून ठेवल्या होत्या. तपकिरी बाटल्या, जाड काचेच्या. धुण्याच्या खोलीला एकच खिडकी, आणि तीही कोळशाच्या धुरानं आंधळी झालेली. तिथला क्लॅरीचा साखरेचा डबा रिकामा होता, म्हणून नोलीननं स्वयंपाकघरातली साखर आणली आणि तिथलाच मोठा चमचा. ती नरसाळ्यातून एकेका बाटलीत साखर सोडायची आणि बाटली माझ्याकडे द्यायची. मी नळीनं भरायचो, बूच ठेवायचो, दांड्यानं दाबायचो.  तिचा हात जड होता. चमचा शिगोशीग भरत होती. मी म्हटलं, "जरा कमी चालेल."

"त्याला गोड आवडायचं," ती म्हणाली.

मग हात थांबवून तिनं विचारलं, "टॅम, तो त्या दिवशी रागावलेला होता का रे?"

"का?"

"आमचं भांडण झालं होतं सकाळी. सोमवार माझा धुण्याचा वार. पिंप हंड्याला टेकवून ठेवलेलं, वास सगळ्या चादरींना. मी म्हटलं, आज बाटल्यांत भरतोस की मी मोरीत ओतू? तो काही बोलला नाही. ताटावरून उठला, स्वयंपाकघराचं दार आपटलं आणि गेला. वेळेच्या आधीच गेला. डबासुद्धा मीच मागून हाक मारून त्याच्या हातात दिला, तर बघितलं नाही माझ्याकडे. मग मीही रागानं धुण्याच्या खोलीकडे फिरकले नाही."

वेळेच्या आधी निघालेला माणूस सगळ्यांच्या शेवटी कसा पोचतो, हे मी त्याच क्षणी मनाला विचारलं. वाटलं, राग निवावा म्हणून नदीकाठानं फिरत बसला असेल. ते तिला सांगून काय उपयोग? म्हणून उशिराचं काही बोललो नाही.

"शीळ घालत आला होता," मी म्हणालो. "हसला माझ्याशी."

"तू असंच म्हणणार."

"देवाशपथ."

"टॅम, तू गेला असतास तर क्लॅरीनंही तुझ्या बायकोला असंच सांगितलं असतं. तुम्ही सगळे एकमेकांचे वकील." ती पुन्हा साखर घालू लागली. "त्याचा मुका राग आठवडाभर टिकायचा. या वेळचा तो तसाच घेऊन गेला. मला आता कोण मटण सरकवणार?"

पिंपाच्या तळाशी गाळ दिसू लागला तेव्हा मी नळी काढली. बाटल्या बिअरीपेक्षा जास्त निघाल्या, एका खोक्यात तीन रिकाम्याच राहिल्या. ते खोकं माझंच होतं, क्लॅरीनं मागून नेलेलं. मी ते तसंच घरी आणलं आणि मागच्या फळीखाली सरकवलं. भरलेल्या बाटल्या हंड्याशेजारी बाकाखाली ओळीनं ठेवल्या, ऊब मिळावी म्हणून.

*

पहिली बाटली भर दुपारी फुटली. नोलीन अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं मला नंतर सांगितलं, तिला वाटलं दार आपटलं. अगदी तसंच, तिनं म्हटलं. स्वयंपाकघराचं दार आपटावं तसं.

दुसरी त्याच आठवड्यात फुटली, मग दोन एकदम. आमच्याकडे बाटली फुटणं काही नवं नव्हतं. एखाद्या घाण्यात एखादी जुनी, चिरा गेलेली बाटली जायचीच, आणि पोरं चेष्टा करायची की याच्या घरात सुरुंग लावलाय. पण ही एकामागून एक जाऊ लागली. मी पाहायला गेलो तेव्हा बाकाखाली काचांचा खच होता, भिंतीवर फेस सुकून पिवळा झाला होता, आणि नोलीन धुण्याच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती. विणकाम मांडीवर, पण सुया हलत नव्हत्या.

"आत जाऊ नकोस," मी म्हटलं.

"मी जात नाही. ऐकते नुसती."

"काय ऐकतेस?"

"त्याला." ती अगदी शांतपणे म्हणाली. "जिवंत असताना रागावला की बोलायचा नाही. आता बोलतोय. मी म्हटलं होतं ना मोरीत ओतीन? आता तोच ओततोय एकेक."

 मी म्हटलं, साखर थोडी जास्त पडली असेल, काही बाटल्या जुन्या असतील. ती मान हलवत राहिली, पण ऐकत नव्हती.

मग तिची बहीण थेल्मा आली, खिंडीपलीकडच्या शहरातून. तिचा नवरा दुकानात होता, हात स्वच्छ असलेला माणूस, आणि थेल्माला आमची दरी मुळातच खपत नसे. तिनं पहिल्याच दिवशी मला दारात गाठलं.

"तू टॅम ना? हे उद्योग तूच भरून ठेवलेस ना? मग तूच ने."

"नोलीन नेऊ देत नाही."

"नोलीन काय, नोलीन अख्खा दिवस त्या दाराशी बसते! काल काच उडाली ती दाराच्या फळीत रुतली, बघ. हिच्या कानापासून एवढ्या अंतरावर. मी म्हटलं, बाई, आत चल, तर म्हणते कशी, थांब, अजून त्याचं संपलं नाही. मला सांग, ही काय बोलण्याची तऱ्हा झाली?"

मी फळीकडे पाहिलं. काचेचा एक लांबट तुकडा लाकडात उभा होता.

"मी तिला घेऊन जाणार आहे," थेल्मा म्हणाली. "मिस्सा झाली की. तोवर तरी ही जिवंत राहील एवढं बघ. एवढं जमेल का तुला, की फक्त कोळसाच फोडता येतो?"

आतून नोलीनचा आवाज आला, "थेल्मा, त्याला काही बोलू नकोस. तो रीत पाळत होता."

"रीत!" थेल्मा म्हणाली. "तुमच्या रीतीच्या नावानं आंघोळ करावी."

त्याच वेळी आत एक बाटली गेली. थेल्मा किंचाळली. नोलीन हलली नाही. तिनं फक्त डोळे मिटले, जसं कुणी अंगावर हात उगारला की माणूस मिटतो.

त्या दिवशी मी घरी जाताना मला पहिल्यांदा कळलं की ती त्या आवाजाला भीत नाही, ती तो मार खाते आहे. आणि सगळ्या बाटल्या संपल्या, की ती असंच मानून बसणार होती की क्लॅरीनं तिला काही माफ केलं नाही.

*

मिस्सेला पोरांच्या हातात द्यायला आता बिअर उरणार नव्हती. म्हणून मी माझ्या पिंपातली भरायला काढली. बाटल्या कमी पडल्या, तेव्हा फळीखालचं ते खोकं आठवलं, क्लॅरीकडून परत आणलेलं. तीन बाटल्या. धुतलेल्याच होत्या, तरी मी पाण्यात बुडवण्याआधी सवयीनं एक उचलून दिव्यासमोर धरली. क्लॅरीचीच शिकवण, बाटलीत नेहमी बघायचं.

तळाशी पांढरं काहीतरी होतं. मी बाटली उलटी केली, पडलं नाही. काडी घालून खरवडलं, तर काचेसारखं कडक झालेलं. त्यात एक मुंगी अडकून मेली होती. काडीचं टोक जिभेला लावलं.

साखर.

दुसरी बघितली, तिच्यातही. तिसऱ्या बाटलीतही.

मी बाकावर बसलो. या तीन बाटल्यांपर्यंत नोलीनचा चमचा पोचलाच नव्हता. बिअर संपली होती, मी नळी काढली होती, तिनं साखरेचा डबा बंद केला होता. मग यांत साखर कुणी घातली? नोलीनच्या आधी त्या बाटल्यांना हात लावणारा एकच माणूस होता. म्हणजे साऱ्याच बाटल्यांत त्यानं साखर घालून ठेवली होती. ओलसर बाटल्यांत ती विरघळून तळाला चिकटली, तपकिरी काचेतून, त्या अंधारात, आम्हाला काय दिसणार? नोलीननं त्यावर पुन्हा शिगोशीग चमचे घातले. दोन माणसांची साखर एका बाटलीत.

आणि केव्हा घातली असेल? आदल्या दिवशी, रविवारी, मी स्वतः तिथं होतो. आम्ही दोघांनी बाटल्या धुऊन उलट्या करून निथळत ठेवल्या होत्या. म्हणजे सोमवारी सकाळीच. स्वयंपाकघराचं दार आपटून तो गेला तो खाणीकडे नाही, घराला वळसा घालून धुण्याच्या खोलीत. नळी हातात आल्याशिवाय साखरेला हात लावायचा नाही म्हणणारा माणूस. त्यानं आपलाच नियम मोडला, संध्याकाळी आल्या आल्या लगेच भरून टाकता यावं, तिचा धुण्याचा हंडा मोकळा व्हावा म्हणून. त्याच्या मुक्या रागात तो मटण सरकवत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाटली कोटात घालून मी तसाच उठलो आणि तिच्या घराकडे निघालो. नदीवरच्या झुलत्या पुलाच्या मध्यावर आलो आणि पाय थांबले.

पँटला हात पुसत आला होता तो. घरचं काम होतं, म्हणाला होता. उशीर त्यामुळं झाला होता. आणि उशीर झाला म्हणून आम्हाला तो पाणथळ बोगदा मिळाला होता.

खाली नदी राखाडी, खाणीवर कोळसा धुतात त्या पाण्याची. बाटली हातातून सोडून दिली असती तर आवाजही झाला नसता. मी बराच वेळ कठड्याला धरून उभा होतो. एका हातानं तिच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवायचं तर दुसऱ्या हातानं दुसरं ठेवल्यासारखं होत होतं. शेवटी मी ठरवलं की अर्धं सांगायचं. साखरेचं सांगायचं, उशिराचं नाही. उशिराचं मला आणि मुकादमाला सोडून कुणाला माहीत नव्हतं.

*

नोलीन खुर्चीतच होती. थेल्मा तिच्या मागं उभी राहून तिच्या खांद्यावर शाल घालत होती. मी बाटली नोलीनच्या हातात दिली आणि म्हणालो, "उजेडात धरून बघ. तळाला."

तिनं पाहिलं. "काय आहे?"

"साखर. क्लॅरीनं घातलेली. तू घातलीस ती वेगळी, या बाटलीपर्यंत तू आलीच नव्हतीस. भांडण झालं ना, त्यानंतर तो इथं आला. सगळ्या बाटल्यांत साखर घालून ठेवली, संध्याकाळी भरायच्या म्हणून. तू सांगितलंस तेच करत होता तो, नोलीन. राग नव्हता त्याला. असता तर साखरेला हात लावला असता का? आपण ती बघितली नाही आणि वरून पुन्हा घातली, म्हणून फुटतायत. बाकी काही नाही."

तिनं बाटलीच्या तोंडातून बोट घालून पाहिलं, पोचलं नाही. मग तिनं बाटली छातीशी धरली.  थेल्मानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या नजरेत टोमणा नव्हता.

"ऐकलंस ना?" थेल्मा म्हणाली. "झालं तर मग. वेडी कुठली. उगाच जीव जाळत होतीस."

"हो," नोलीन म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. मला वाटलं, बरं केलं आलो ते.

मग ती म्हणाली, "सगळ्या बाटल्यांत?"

"सगळ्या."

"एकेक करून. नरसाळं लावून."

"हो. तुला माहीत आहे तो कसा करायचा."

 मी तिच्याकडे बघत होतो, आणि मला दिसत होतं की ती मनातल्या मनात कुठंतरी चालली आहे, आणि तिला अडवायला माझ्याकडे काही नाही. खाणकामगाराची मुलगी ती. जागा कशा वाटतात हे तिला घरात शिकवावं लागलं नव्हतं.

"साखर घालायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीच घातली ना त्या दिवशी."

मी दाराच्या फळीत रुतलेल्या काचेकडे बघू लागलो.

"टॅम. तुम्हाला तो बोगदा का मिळाला?"

"मुकादमाच्या मनात येईल तसं..."

"टॅम."

मी टोपी हातात घेतली आणि तिची कड चाचपू लागलो. माझ्यानं हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. तिला तेवढं पुरलं. थेल्मा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "काय? काय झालं?" तिला कुणी सांगितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नोलीननं मला बोलावणं धाडलं. मी गेलो तेव्हा तिनं क्लॅरीचे चामडी हातमोजे चढवले होते आणि कोळशाची ओली पोती मागच्या पायरीवर अंथरली होती.

"उरलेल्या सगळ्या उघडायच्या," ती म्हणाली. "इथं मिस्सेला पोरं येतील, कुणाच्या डोळ्यात काच जायला नको."

"तू सर. मी उघडतो."

"तू बाहेर आणून दे. उघडणार मी."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एकेक बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून, लहान मूल आणावं तशी बाहेर आणत होतो. ती बुचाची कड हळूच उचलायची. फस्सकन आवाज व्हायचा आणि फेस हातमोज्यांवरून, पोत्यावरून, पायरीवरून वाहत मोरीकडे जायचा. काही बाटल्यांत शेवटी तळाला बोटभरच राहायची. जवाचा आणि हॉपचा वास साऱ्या अंगणात भरला, तोच वास जो तिला चादरींना नको होता. थेल्मा दारात नाकाला पदर लावल्यासारखा रुमाल धरून उभी होती, पण आत गेली नाही.

"शेवटी मीच ओतली," नोलीन म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते मला कळलं नाही.

शेवटची बाटली तिनं फार सावकाश उघडली. थोडं उचल, थांब, पुन्हा दाब, पुन्हा उचल. क्लॅरी तसंच करायचा, हे तिनं कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. त्या बाटलीत अर्ध्याच्या वर राहिली. तिनं हातमोजे काढले, बाटली तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि माझ्याकडे दिली. मी घेतला. मग मी थेल्माकडे धरली. तिनं आधी बाटलीचं तोंड रुमालानं पुसलं आणि मग प्यायली.

"किती गोड आहे ही," थेल्मा म्हणाली.

"दोघांची साखर आहे," नोलीन म्हणाली.

मिस्सेनंतर पोरं आली तेव्हा मी माझी बिअर ठेवली. ही क्लॅरीची नाही हे सगळ्यांना कळलं, पण कुणी बोललं नाही. एकानं फक्त प्यायच्या आधी बाटलीचा तळ उजेडात धरून पाहिला, तसा क्लॅरी पाहायचा. नोलीननं सगळ्यांना मटण आणि पाव वाढला, प्रत्येकाला नावानं हाक मारून. ती रडली नाही. थेल्माची पेटी दाराशी बांधून तयार होती, नोलीनचीही.

गाडी मंगळवारी होती. सोमवारी सकाळी मी त्यांच्या घरावरून जात होतो तेव्हा धुण्याच्या खोलीच्या धुराड्यातून धूर निघत होता. मला वाटलं, थेल्मानं पाणी तापवलं असेल. मागच्या दारानं डोकावलो. नोलीन एकटीच होती, बाह्या वर करून. हंडा उकळत होता आणि ती दांड्यानं आतलं काहीतरी खाली दाबत होती. दाराशी पडलेलं क्लॅरीच्या कपड्यांचं ते काळं गाठोडं तिथं नव्हतं.

"सोमवार आहे," ती मागं न बघता म्हणाली.

मी तिथंच उभा राहिलो. तिनं हंड्याची तोटी सोडली. पाणी आधी राखाडी आलं, मग काळं, आणि मोरीत जाऊन जिथं बिअरीचा फेस वाळून पांढरट कड धरली होती तिच्यावरून वाहू लागलं. तिनं पुन्हा स्वच्छ पाणी ओतलं, पुन्हा ढवळलं, पुन्हा सोडलं. काळंच आलं.

"निघायचं नाही ते एवढ्यात," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिनं चुलीत आणखी कोळसा घातला.